रफूवर रफू

पोट वाढतंय ही बातमी जगातल्या बाकी माणसांना पँट सांगते. हुक लागत नाही, श्वास कोंडतो, खाली वाकताना तोंडातून नको ते आवाज निघतात. माणूस घाबरतो, आरशासमोर आडवा-उभा होतो आणि निदान चार दिवस तरी सकाळी चालायला जातो. मास्तरांना ही बातमी कधी पोचलीच नाही. कारण मास्तर शिंपी होते. पँट कमरेला रुतायला लागली की दुपारच्या निवांत वेळी ते दुकानाच्या पडद्यामागे जायचे, टॉवेल गुंडाळून बसायचे, पँटची मागची शिवण उसवायचे, आत राखलेलं जादा कापड मोकळं करायचे, वरून टीप मारायचे आणि पँट पुन्हा चढवायचे. कशी बसायची म्हणता? अंगात ओतल्यासारखी. मग आरशात बघून स्वतःलाच म्हणायचे, "वा मास्तर! पन्नाशी उलटली तरी माप काही हललं नाही."

शिंप्याची पँट आणि राजाचा दरबार, दोन्हीकडे खरं बोलायची कोणाची छाती नसते.

शेजारच्या गाळ्यातला चष्मेवाला मात्र दरबारी नव्हता. त्याने एकदा भिंगातून मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, हातापायांच्या काड्या आणि मधे हा एवढा माठ. तुम्ही माणूस आहात की पाण्याची टाकी?"

"जळू नका. अंगाने भरलोय जरा."

"अंगाने कुठे? गालफडं बघा की, माझ्या दुकानातल्या चष्म्याच्या घरासारखी आत गेलीत."

मास्तर हसले आणि मशीनवर बसले. मशीन चालू झालं की त्यांना गाणं सुचायचं. पायडलचा ताल आणि सुईची टकटक, त्यात गिऱ्हाइकाची टिंगल भरायची ही त्यांची जुनी खोड. एका खांद्याने उंच असलेल्या साहेबांवर, कमरेचं माप देताना श्वास रोखणाऱ्या बाईंवर त्यांनी ओळी रचल्या होत्या. स्वतःवर रचायचा प्रसंग अजून आला नव्हता.

तो बायकोने आणला.

ती दुकानात मागच्या बाजूला बसून काज-बटण करायची. काज म्हणजे बटण शिरतं ते भोक. त्याच्या कडेने हाताने टाके घालायचे. नजर सुईच्या टोकाएवढी बारीक करायला लावणारं काम. त्या नजरेतून नवऱ्याचे पाय सुटणार थोडेच? एका संध्याकाळी मास्तरांनी मोजे काढले आणि ती म्हणाली, "अहो, घोट्याला हा वळ कसला?"

"मोज्याचं इलॅस्टिक गं. आजकाल इलॅस्टिकसुद्धा नातेवाइकांसारखं झालंय. धरलं की सोडत नाही."

ती उठली, त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. तिथे खळगा पडला. दोघंही त्या खळग्याकडे बघत बसली. खळगा काही भरेना.

"नडगीला कुठे इलॅस्टिक होतं?" ती म्हणाली.

मग तिने त्यांच्याच गळ्यातली टेप काढून घेतली. जन्मभर दुसऱ्यांना मापणारा माणूस स्वतःच्या दुकानात हात वर करून उभा राहिला. लग्नाच्या सुटाचं माप तिला तोंडपाठ होतं. गळा घटला होता, दंड घटले होते, छाती पार बसली होती. कमरेला मात्र टेप फिरवताना तिला दोन्ही हात पसरावे लागले.

"माणूस लठ्ठ झाला तर सगळीकडून होतो," ती टेप गुंडाळत म्हणाली. "तुमच्या तर एकाच खोलीत पाणी भरलंय. उद्या दवाखाना."

डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या. त्यांनी मास्तरांना आडवं झोपवलं आणि बाजारात टरबूज पारखावं तसं पोट बोटाने वाजवून पाहिलं. कुशीवर वळवलं, पुन्हा वाजवलं. रक्त घेतलं, पोटाचा फोटो काढला, घशातून कॅमेऱ्याची नळीही घातली. सगळं हातात आल्यावर त्या खुर्ची पुढे सरकवून बसल्या.

"काका, दारू पिता?"

"नाही."

"पूर्वी?"

"नाही."

"कधीतरी, कोणाच्या लग्नात-बिग्नात?"

"मॅडम, मी चहा पितो. साखर जरा जास्त लागते."

"ती साखर रक्तात किती वर्षं वाढलेली आहे, कधी तपासलं होतं?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. दर वर्षी ती तपासायला सांगायची आणि दर वर्षी मास्तर म्हणायचे, 'सीझन संपू दे.' शिंप्याचा सीझन कधी संपतो काय?

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याला सिरॉसिस म्हणतात. लिव्हरवर आधी चरबी साठली. चरबीने सूज आली. सुजेने इजा झाली, ती भरताना व्रण राहिला. पुन्हा इजा, पुन्हा व्रण. असं वर्षानुवर्षं चाललं. आता लिव्हर आक्रसून गाठाळ झालंय. रक्ताला त्यातून नीट वाट मिळत नाही, म्हणून मागे दाब वाढतो आणि पोटात पाणी उतरतं. "दारूनेच होतं असं नाही. काविळीच्या काही जातींनी होतं, चरबी आणि साखरेनेही होतं. आणि लिव्हर बिचारं दुखत नाही हो. शेवटपर्यंत काम ओढत राहतं."

मास्तरांनी टेबलावरच्या रुमालाचा कोपरा बोटात धरला. "म्हणजे रफू."

"काय?"

"कापडाला भोक पडलं की आम्ही रफू करतो. धाग्यात धागा घालून भोक बुजवतो. चांगलंच दिसतं. पण त्याच जागी पुन्हा भोक पडलं, पुन्हा रफू, रफूवर रफू, की शेवटी कापड राहतच नाही. नुसता रफू राहतो. कडक, पुठ्ठ्यासारखा. त्यातून पाणी झिरपत नाही की वारा जात नाही."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग उसवा की तो."

"तो आता उसवत नाही, काका. पण जेवढं कापड अजून शाबूत आहे तेवढं आपण सांभाळू शकतो. मीठ बंद, साखर ताब्यात, पाण्याच्या गोळ्या, आणि मनाने कुठलीही गोळी, काढा, पावडर घ्यायची नाही. दुखण्याची नाही, झोपेची तर मुळीच नाही."

बाहेर आल्यावर मास्तर जिन्यातच बसले. बायकोला वाटलं, आता रडणार. ते म्हणाले, "अगं, प्यायलो असतो तर निदान चार गाणी तरी म्हटली असती. रस्त्यात कोणाला तरी मिठी मारली असती. मजा दुसऱ्यांनी मारली आणि बिल माझ्या नावावर फाटलं."

"उठा," ती म्हणाली. आणि उठवताना त्यांच्या दंडाला धरलेला हात तिने घरापर्यंत सोडला नाही.

बातमीला पाय असतात आणि ते सुजत नाहीत. आठवडाभरात सगळीकडे झालं की मास्तरांचं लिव्हर गेलं. लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बाटलीच येते. दूध टाकणाऱ्याने हळूच खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. आता सोडा म्हणजे झालं." थोरल्या ताईने फोनवर हंबरडा फोडला. "एवढं प्यायचास आणि सख्ख्या बहिणीला कळू दिलं नाहीस रे! किती गुणी समजत होते मी तुला!"

"ताई, मी पीत नाही."

"आता तरी खरं बोल!"

शेवटी त्यांनी नाद सोडला. उलट चष्मेवाल्याने "मास्तर, कुठली घेत होतात?" असं विचारलं तेव्हा त्यांनी गंभीर चेहरा करून "साखरेचीच. गाळून," असं सांगितलं. आणि त्या दुपारी मशीनवर बसून स्वतःवरच्या पहिल्या ओळी रचल्या.

*पायडल हाले, सुई चाले, तुरुतुरु धावे दोरा,*
*मास्तराच्या पोटामधी पाण्याने धरला थारा.*

मागून, काजांत सुई घालता घालता, उत्तर आलं.

*न पिताच झिंगला गं, न जेवताच फुगला,*
*असा कसा नवरा माझा घाईत कोणी शिवला?*

दोघंही हसली. हसताना मास्तरांचं पोट मशीनच्या फळीवर आपटलं.

पाण्याच्या गोळ्यांनी हळूहळू पोट उतरलं आणि मास्तरांना स्वतःची पँट आत घ्यायची वेळ आली. एवढी वर्षं जी शिवण सोडत आले तीच आता एकेक बोट माघारी. जेवण अळणी. पहिल्या दिवशी घास तोंडात फिरवत ते म्हणाले, "भाजीला चव कशाची आहे?" बायको म्हणाली, "भाजीची." तेवढ्यावरही त्यांनी ओळी केल्या.

*मीठ गेलं, साखर गेली, चवीला उरला चमचा,*
*तोच आता चाटून पुसतो भ्रतार हा तुमचा.*

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पोट काय, पाय काय, ते अंगाचे भाग. मास्तर स्वतःला त्यात धरतच नव्हते. मास्तर म्हणजे कात्री. कापड टेबलावर पसरायचं, मनात माणूस उभा करायचा, खडूने रेघा ओढायच्या आणि एका दमात बेतायचं. तिथे त्यांना हात लावणारा अजून कोणी भेटला नव्हता.

मग पट्टेरी शर्टाचं प्रकरण झालं. गिऱ्हाईक बँकेतले साहेब. पट्टे जुळावेत म्हणून मास्तरांनी कापड एकेरी पसरून बेतलं होतं. साहेबांनी शर्ट चढवला. डावा हात मजेत गेला, उजव्या बाहीत मात्र हात गेला आणि बाही पाठीमागे पिळवटली.

"मास्तर, काहीतरी चुकलंय."

"साहेब, हात सरळ धरा. तुमचा उजवा हातच जरा फिरलेला आहे. व्यायाम करा."

बायको मागून धावत आली. दोन्ही बाह्या डाव्या होत्या. तिने माफी मागितली, शर्ट ठेवून घेतला, साहेबांची समजूत काढली. मास्तर मात्र साहेब गेल्यावरही बजावत होते, "मी सांगतो, त्याच्या हातात खोट आहे." आणि बोलता बोलता दिवसाढवळ्या मशीनवर डोकं ठेवून झोपले. आधीही ते असे दुपारी पेंगायचे आणि रात्री टक्क जागे असायचे. तिला वाटायचं, अळणी जेवणाने अशक्तपणा आलाय.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना हात पुढे करून, गाडी थांबवतात तसे तळवे उभे धरायला लावले. तळवे क्षणभर टिकले आणि पंखासारखे खाली फडफडले. पुन्हा वर, पुन्हा फडफड. कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेघेने जोडायला दिले, तर ज्यांची रेघ हातभर कापडावर केसाएवढी हलत नसे ते मास्तर सातावरून थेट बाराकडे निघाले.

"लिव्हर रक्त गाळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतड्यात तयार होणारी घाण त्याने अडवायची. ते थकलं की ती मेंदूपर्यंत जाते. मग झोप उलटी होते, हात फडफडतात, विचारांवर धुकं येतं. हे सिरप घ्या. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. घाण तिकडून गेली की डोकं इकडे स्वच्छ."

"आणि धुकं आलंय हे मला कसं कळणार?"

"तुम्हाला नाही कळणार. तेच तर अवघड आहे. ते काकूंना कळेल. त्या म्हणतील ते ऐकायचं."

"म्हणजे एवढी वर्षं ऐकलं तो सराव होता तर!" मास्तर म्हणाले. या वेळी बायको हसली नाही.

तिने नियम केला. कात्री तिच्या ताब्यात. रोज सकाळी तिने तपकिरी कागद पुढे टाकायचा आणि मास्तरांनी हाताने, कशाचाही आधार न घेता, मुंढ्याची रेघ काढायची. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला बसते तो बाक. शिंप्याच्या हाताची परीक्षा तिथेच. बाकाच्या आकारात कापलेला जुना पुठ्ठ्याचा फर्मा रेघेवर ठेवून ती पाहायची. जुळली तर कात्री मिळे. नाही जुळली तर मास्तरांनी बटणं निवडत बसायचं.

"शाळेत पाटीवर काढायचो तसं वाटतंय," ते कुरकुरायचे.

"तेव्हाही असेच वेडेवाकडे काढत असाल."

बहुतेक सकाळी रेघ जुळायची. सिरपचाच तेवढा त्रास. ते गोड होतं ते ठीक, पण घेतलं की तासाभरात धावावं लागे, आणि गाळ्यांचा सामाईक संडास बोळाच्या टोकाला. त्याची चावी चष्मेवाल्याकडे. मास्तर चावी मागायला गेले की तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "या! साहेबांचा दौरा निघाला!" मनाने वाईट नव्हता तो. पण मास्तर मापं घ्यायचे तेव्हा लोक त्यांच्यासमोर श्वास रोखून उभे राहत आले होते, आणि आता तेच चावी मागत फिरत होते.

अशात लेक आली.

तिला डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरी लागली होती. वारा कुठून येतो, ढग किती खाली उतरले, बर्फ कधी पडेल, ते मोजायचं काम. तिने काखेतून आणलेलं पुडकं टेबलावर सोडलं. गडद हिरवी जाड लोकर, वरून बारीक लव.

"बाबा, तिथे फार थंडी आहे. कोट तुम्हीच करायचा."

मास्तरांनी कापडावरून हात फिरवला. लव एका दिशेला झोपली, उलट फिरवल्यावर उभी राहिली. पुढच्या आठवड्यात लेक निघणार होती. कापड तिने शेवटचं म्हणून मिळवलं होतं, दुसरा तुकडा मिळणार नव्हता. नजरेनेच त्यांनी मापलं. बसवलं तर जेमतेम कोट बसेल, चुकलं तर रुमालही निघणार नाही.

बायको म्हणाली, "पलीकडच्या रस्त्यावरच्या कटरला देऊ या. कापायचं तेवढं तो कापेल. शिवा तुम्ही."

"माझ्या लेकीचा कोट परक्याच्या कात्रीने?"

"कोट तिचा आहे. थंडी तिला वाजणार आहे. तुमच्या मानाला अस्तर लावायला नाही आणलेलं हे कापड."

लेक मधे पडली. "आई, बाबा नसतील कापणार तर नकोच. जुनं जॅकेट घालीन."

"अगं, पण समजा कापायच्या दिवशीच धुकं आलं..."

"तर तू आहेस ना बघायला."

मास्तरांच्या मनात पक्कं झालं. हा कोट आपल्या हातून उतरला तर आपण अजून मास्तर. नाही तर काज-बटण करणाऱ्या बाईचा बटणं निवडणारा नवरा.

आता हुशारी बघा. कोट बेतायचा म्हणजे टेबलापासून हलता कामा नये. मधेच दौरे काढून भागणार नाही. म्हणून मास्तरांनी दोन दिवस सिरप घेतलंच नाही. चमच्यात ओतायचे, बायकोची पाठ वळली की वॉशबेसिनमध्ये. दुसऱ्या संध्याकाळी त्यांना वाटलं, उद्याची रेघ नीट यायलाच हवी. त्यांनी तपकिरी कागदावर मुंढ्याचा फर्मा ठेवला आणि दातेरी चाक दाबून फिरवलं. हे चाक फिरवलं की कागदावर बारीक टोचे उमटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पेन्सिलीच्या टोकाला लागतात. सकाळी बायकोने तोच कागद उचलला. मास्तरांनी पेन्सिल टोच्यांवरून सोडली. रेघ अशी आली की फर्म्यालाच लाज वाटावी.

बायकोने निरखून पाहिलं आणि कात्री पुढे केली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मास्तरांना क्षणभर कसंतरी झालं. पण कसंतरी व्हायला लागणारी शुद्धही तेव्हा त्यांच्याकडे पुरती नव्हती.

दुपारच्या उन्हात टेबलावर हिरवी लोकर पसरली होती. लव एकाच दिशेला राहावी आणि कापड पुरावं म्हणून एकेरी पसरली होती. कापड दुहेरी घडीत असलं की एका कापण्यात डावं-उजवं आपोआप निघतं. एकेरी असलं की एक भाग आखल्यावर फर्मा पालथा करून दुसरा आखायचा. हे शिंप्याच्या पोराला चालायला येण्याआधी कळतं. मास्तरांनी पाठ आखली, पुढचे दोन भाग आखले, बाह्या, कॉलर. काजांच्या जागी खडूच्या आडव्या खुणा केल्या. दोन पावलं मागे सरून पाहिलं. त्यांना मनातल्या मनात लेक दिसली, डोंगरावर, वाऱ्यात, हिरव्या कोटात. त्यांनी कात्री उघडली.

"थांबा," बायको म्हणाली. ती काजांचा रेशमी दोरा कापडाशी जुळवून बघायला आली होती. "अहो, दोन्हीकडे काजंच कशी?"

"काय?"

"पुढचे दोन्ही भाग. दोन्हीकडे काजांच्या खुणा. मग बटणं कुठे लावू? हवेत?"

मास्तरांनी पाहिलं. एक पुढचा भाग. दुसरा पुढचा भाग. एक उजवा, एक डावा. स्पष्ट दिसत होतं.

"बरोबर आहे की."

"नाही हो. दोन्ही उजवे आहेत. तुम्ही फर्मा पालथा केला नाहीत."

"तू मला शिकवतेस? तू काजं घालतेस, मी बेततो."

"म्हणून तर मला काजं दिसली. बाळ, इकडे ये गं. तू बघ."

लेक आली. तिने एका भागावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून, आणि बापाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. कोटाची नव्हती ती.

मास्तरांनी पुन्हा पाहिलं. डोळे सांगत होते, बरोबर. खडू सांगत होता, बरोबर. ज्या नजरेवर जन्म काढला ती शपथेवर सांगत होती, काप, काही चुकलेलं नाही. एवढी खात्री त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि नेमकी त्याच खात्रीची त्यांना भीती वाटली. साहेबांच्या शर्टाच्या वेळीही अशीच खात्री होती. साहेबांचा हात फिरलेला आहे, याबद्दल तर आजही ते पैज लावायला तयार होते.

कात्री कापडाला टेकलेली होती. नुसतं मूठ मिटायचं काम.

"मला बरोबर दिसतंय," ते हळू म्हणाले. आणि मग फारच हळू, "तुला नक्की दोन्ही उजवे दिसतात?"

"नक्की."

त्यांनी कात्री मिटली आणि मुठीची बाजू तिच्याकडे करून पुढे धरली. हात हवेत असताना तळवा फडफडला. तिघांनीही पाहिलं.

"आणखी एक सांगायचंय," मास्तर म्हणाले. "सकाळच्या परीक्षेत कॉपी केली होती. आणि सिरप... बेसिनचं पोट साफ झालंय. माझं नाही."

बायकोने कपाळावर हात मारला. ती चिडेल असं त्यांना वाटलं. पण ती म्हणाली, "एवढी हुशारी होती तर धुकं यायच्या आधीच का नाही सांगितलंत? चला, बूट घाला." लेकीने तोवर डॉक्टरीणबाईंना फोन लावला होता.

त्यांना वॉर्डात ठेवलं. सिरप पोटभर दिलं, आणि दौरे असे निघाले की चावीची गरज लागली नाही, पलंग सोडेपर्यंतच वेळ मिळे. पडल्या पडल्या मास्तरांनी नर्सला सांगितलं, आपल्या दुकानाशेजारी एक चष्मेवाला आहे, त्याला एकदा इथे दाखल करा. नर्स म्हणाली, "शुद्धीवर आलात वाटतं." डॉक्टरीणबाईंनी मात्र खुर्ची ओढली आणि सरळ सांगितलं. हे धुकं पुन्हा येऊ शकतं. सिरप चुकलं, कुठे जंतू शिरला, पोट अडलं, तरी येतं. या वेळी वेळेत आलात. पुढे नव्या लिव्हरचाही विचार करावा लागेल, त्यावर बसून बोलू. मास्तरांनी ऐकून घेतलं. विनोद सुचला होता, केला नाही.

घरी आल्यावर ते आधी दुकानात गेले. टेबलावर कापड तसंच पसरलेलं होतं. बायकोने कोणाला हात लावू दिला नव्हता. स्वतःही झटकलं नव्हतं.

मास्तर टेबलाशी उभे राहिले. पाठ. बाह्या. कॉलर. आणि पुढचे दोन भाग, दोन्ही उजवे, एकमेकांच्या शेजारी, दोन जुळे भाऊ एकाच बाजूला मान करून झोपल्यासारखे. आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांच्या अंगावर काटा आला. मग हसू आलं, मग हसता हसता त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि बराच वेळ काढला नाही. लेक जवळ येऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली, जसा लोकरीवरून लवेच्या दिशेने फिरवतात.

त्यांनी ब्रशने खडू झटकला. नव्याने आखलं. या वेळी फर्मा पालथा करताना "हा बघ, पालथा केला," असं मोठ्याने म्हणाले. बायको समोरच्या बाजूला उभी होती. आखलेल्या एका भागावर तिने स्वतःचा उजवा हात ठेवला, दुसऱ्यावर डावा. ओठ हलवत ताडून पाहिलं. मग कात्री दिली.

मास्तरांनी पहिल्या रेघेवर कात्री टेकवली. जन्मात कधी त्यांनी कापण्याआधी कोणाला विचारलं नव्हतं.

"कापू?"

"कापा."

कर्रकन लोकर दुभंगली. दुसरी रेघ.

"कापू?"

"कापा."

बाहीच्या मुंढ्याशी आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पदराने चष्मा पुसला, वाकली, बाक इकडून पाहिला, वळसा घालून तिकडून पाहिला. मास्तर कात्री उघडी धरून थांबले. मान अवघडली, तरी थांबले. लेकीने श्वास रोखला होता.

"हं," बायको म्हणाली. "आता कापा."